आमच्या सोसायटीचा कचरा: नोटिशीपासून मिळकतकराच्या सवलतीपर्यंत

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या सोसायटीला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची नोटीस आली. वर घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ चा हवाला, खाली सही-शिक्का आणि मजकूर थोडक्यात असा: ओला-सुका कचरा वेगळा द्या, ओला कचरा आवारातच जिरवा, मिश्र कचरा यापुढे उचलला जाणार नाही. मी तेव्हा नुकतीच सेक्रेटरी झाले होते. झाले म्हणजे, सभेला उशिरा पोचले आणि तोवर नाव लिहून झालं होतं.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरची आमची सोसायटी. चार इमारती, चौऱ्याऐंशी फ्लॅट. आता सगळं मार्गी लागल्यावर ओळखीच्या दुसऱ्या सोसायट्यांमधून फोन येतात. सुरुवात कुठून केलीत, खर्च किती आला, वास येतो का? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी नोटीस नीट वाचावी. आमच्या समितीत लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, असल्या नोटिसा येतच असतात. दुसऱ्यांना दंडाची धास्ती. नियम मात्र कुणीच वाचले नव्हते. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या गृहसंकुलांनी कचरा वेगळा करावा, पुन्हा वापरात येणारा माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडे द्यावा आणि ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी आवारातच प्रक्रिया करावी, असं त्यांत म्हटलं होतं. आम्ही मंजूर नकाशा काढला, क्षेत्रफळ पाच हजारांच्या वर निघालं आणि तो वाद तिथेच संपला.

मग कार्यालयात जाऊन आरोग्य निरीक्षकांना भेटले. त्यांनी एक फार उपयोगी गोष्ट सांगितली: तोंडी मुदत मागू नका, काय कधी करणार ते महिन्यांसकट लिहून द्या. तसं पत्र लेटरहेडवर दोन प्रतींत नेलं, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पुढे दुसरे अधिकारी आले, तेव्हा पहिल्यापासून रामायण सांगावं लागलं नाही.

त्या पहिल्या भेटीतून निघताना निरीक्षकांनी विचारलं, "तुमची गांडूळखताची टाकी कुठंय?" मी गोंधळले. पुण्यात २००० नंतरच्या नव्या इमारतींना बांधकाम परवानगीतच अशी टाकी बंधनकारक होती. आमचीही होती, सी इमारतीच्या मागे. बिल्डरने भोगवटा पत्रापुरती बांधली होती आणि नंतर प्रत्येकाने घराचं नूतनीकरण करताना फुटक्या टाइल्स तिच्यात ओतल्या होत्या. वर एक मोडका सोफा. तुमची इमारत त्यानंतरची असेल तर आधी मागच्या बाजूला चक्कर मारा, बहुतेक जागा तिथे तयारच असेल.

मार्चमध्ये आठवडाभर कचरा तोलला. रद्दीवाल्याकडून ताणकाटा आणला होता. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय कोटेशन मागवू नका, कारण विकणारा माणूस तुमच्या फ्लॅटांची संख्या ऐकून परस्पर आकडा ठरवतो. आमचा एकूण कचरा दिवसाला नव्वद किलोच्या आसपास, रविवारी शंभरच्या वर. त्यात ओला पन्नास-पंचावन्न.

एप्रिल-मेमध्ये कोटेशनं आली. बहुतेक सगळे यंत्र घेऊनच आले. 'चोवीस तासांत खत', किंमत सहा ते आठ लाख, वीज वेगळी, देखभालीचा वार्षिक करार वेगळा. एका सोसायटीत असं यंत्र आम्ही पाहून आलो. एका बाजूने भाज्यांची देठं घातली की दुसऱ्या बाजूने दुसऱ्या दिवशी तपकिरी भुगा निघतो, हे खरं. पण तो वाळवलेला, दळलेला कचरा असतो. जिवाणूंचं काम व्हायला आठवडे लागतात, ते काही विजेवर आटोपत नाही. त्या भुग्यावर पाणी पडलं की तो पुन्हा कुजू लागतो आणि तसाच कुंडीत घातला तर झाड पिवळं पडतं. जागा अगदीच नसेल तर यंत्राला इलाज नाही, पण आमच्याकडे जागा होती.

आता सुक्या कचऱ्याबद्दल, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद त्यावर झाला. आमच्याकडे कित्येक वर्षं एक मावशी येतात, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. या व्यवस्थेत मावशींचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं: घरटी दरमहा मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघालेला माल विकून मिळणारे पैसे. इकडे आमच्या खजिनदारांनी एक कंपनी शोधून आणली. सगळा सुका कचरा तीच नेणार, वर सोसायटीला किलोमागे पैसे देणार. कागदावर छानच दिसत होतं. मी म्हटलं, मावशींना न विचारता हा विषय सभेत घ्यायचा नाही.

त्यांना एका सकाळी वेळ काढून भेटले. कचरा खोलीच्या दारात त्या माल निवडत बसल्या होत्या. पुठ्ठा एकीकडे, रद्दी दुसरीकडे, पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, प्रत्येकाचं वेगळं पोतं, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. दुधाची पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, "ही बघा, धुऊन वाळवून दिली तर भाव येतो. आंबली तर फेकायची. आणि कोपरा कापून टाकू नका, तेवढा तुकडा हाती लागत नाही, जातो गटारात." वेफर्सची चकचकीत पाकिटं कुणी घेत नाही. ती कंपनीही घेणार नव्हती, तिच्या पत्रात खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलं होतं. म्हणजे विकण्याजोगा माल तिने न्यायचा आणि डायपर, पाकिटं, उष्टं मावशींनी उचलायचं, असा तो हिशेब होता.

खत टाकी सांभाळाल का, असंही विचारलं. त्यांचं उत्तर: "पैशाचं नंतर बोलू. आधी सावली द्या नि नळ द्या." इतकी वर्षं त्या उन्हात बसून हातांनी निवडत होत्या आणि हात धुवायला दोन इमारती पलीकडे जात होत्या. आम्ही त्यांच्या संस्थेच्या समन्वयकांना बोलावलं, कामाचं स्वरूप लिहून काढलं आणि टाक्या बघण्यासाठी घरटी ७५ रुपये महिना वेगळे ठरवले. दारातून कचरा नेण्याचं शुल्क आहे तसंच. सुका माल त्यांचाच. खजिनदारकाका थोडे नाराज झाले, पण कंपनीचं पत्र मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्यांनी आग्रह सोडला.

टाक्यांच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी होती. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून खास सभेचा घाट न घालता तोवर थांबलो. अजेंड्यात विषय अंदाजे रकमेसकट घाला, 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलू नका. तिथे खर्चाचा विषय आला की कुणीतरी हरकत घेतोच, आणि ती हरकत बरोबर असते.

मधले तीन महिने मोकळे होते, म्हणून जूनपासून घराघरांत वेगळं करायला सुरुवात केली. टाक्या तयार होईपर्यंत ओला कचरा वेगळ्या डब्यातून घंटागाडीला जात होता. हे आधी केलं ते बरंच झालं. टाकी उत्तम असून ओल्या कचऱ्यात ब्लेड आणि गोळ्यांची पाकिटं येत असतील तर काहीच चालत नाही. तीन भाग ठरवले: ओला, सुका आणि तिसरा सॅनिटरी व धोकादायक. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा, म्हणजे निवडणाऱ्याला पुडी उघडावी लागत नाही. हा लाल ठिपका पुण्यात बरीच वर्षं सांगितला जातोय. आमच्याकडे तो लिफ्टमध्ये पेन दोऱ्याने बांधल्यावर सुरू झाला. संपलेले सेल, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधं यांच्यासाठी वॉचमनच्या केबिनजवळ एक पेटी ठेवली.

सगळ्यात मोठं भांडण प्लास्टिकच्या पिशवीवरून झालं. ओल्याच्या बादलीला पिशवी लावायची नाही म्हटल्यावर प्रश्न आला, बादली धुणार कोण? व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर जे लिहिलं गेलं ते इथे लिहीत नाही. तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद घातला की बादली फारशी लडबडत नाही आणि कागदही टाकीत कुजतो. भातावरचं पाणी, ताक, आमटी सिंकमध्येच ओतायची.

पत्रकं वाटून फारसा फरक पडला नाही. आमच्या निम्म्याहून जास्त घरांत कचरा प्रत्यक्ष बाहेर ठेवतात त्या कामवाल्या ताई, आणि पत्रक वाचतात साहेब! हे लक्षात आल्यावर एका सकाळी अकराला, त्यांची पहिली कामं आटोपायच्या वेळेला, गेटपाशी सगळ्या ताईंना चहा दिला आणि दोन बादल्या मांडून दाखवलं. अर्ध्या तासात झालं. अंड्याची टरफलं कशात, नारळाची करवंटी कशात, टी-बॅगचा दोरा काढायचा का, असे नेमके प्रश्न त्यांनीच विचारले. त्या आठवड्यापासून बादल्यांमधला फरक डोळ्यांना दिसू लागला. विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेले चार-पाच फ्लॅट मात्र दिवाळीपर्यंत दाद देत नव्हते. तिथे मावशींनी मिश्र बादली न उचलता दारातच ठेवायला सुरुवात केली. दोन दिवसांत सुधारले.

सप्टेंबरची सभा. कोरम भरला नाही म्हणून रिवाजाप्रमाणे अर्धा तास तहकूब, मग तेवढ्याच माणसांत सुरू. 'आम्ही कर भरतो, मग हे आम्ही का करायचं?' हा प्रश्न अपेक्षित होता. त्याला मी काही बोलायच्या आत मागून एक काका उठले. त्यांची बहीण फुरसुंगीची. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या शेजारच्या उरुळी देवाचीच्या डेपोत पडत राहिला, विहिरी नासल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साठले, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. "तुमच्याकडे तेव्हा वास तीन आठवडे आला, तिच्याकडे वीस वर्षं येतोय," म्हणाले आणि बसले.

खरी रास्त हरकत एकच होती, सी इमारतीच्या तळमजल्यावरच्या काकूंची. टाकी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बारा-पंधरा फुटांवर. त्यांना 'काही वास येत नाही हो' म्हणून गप्प करणं सोपं होतं. त्यापेक्षा ठरावातच अट घातली: तीन महिने चालवून बघायचं, त्यांना त्रास झाला तर सोसायटीच्या खर्चाने जागा बदलायची. इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. काकूंनी हात वर केला.

ऑक्टोबरमध्ये काम सुरू झालं. राडारोडा काढायला नऊ हजार गेले, जाळीदार विटांच्या सहा टाक्या आणि वर पत्र्याची शेड यांना एक लाख पस्तीस हजार, चाळण, फावडी, हातमोजे, नळ मिळून वीसेक हजार. प्रत्येक फ्लॅटकडून एकदाच दोन हजार घेतले, त्यात भागलं. टाकी साधारण चार फूट लांब, चार रुंद, चार उंच. विटांमध्ये फटी ठेवायच्या, हवा आत जायला हवी. तळाला वाळक्या फांद्या, वर पाला, मग ओल्या कचऱ्याचा थर, पुन्हा पाला. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक आणि गुळाचं पाणी शिंपडलं. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विकतचं कल्चर मुद्दाम आणलं नाही. एक टाकी भरायला दोन-अडीच आठवडे लागतात. सहावी भरेपर्यंत पहिलीतलं खत तयार होतं.

कामाचं सगळं मर्म पाल्यात आहे. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर आणि पाणीही भरपूर. वाळक्या पाल्यात कर्ब. कर्ब-नत्राचं प्रमाण पंचवीस-तिसास एकच्या आसपास राहिलं तर ढीग तापतो, कमी पडलं तर अमोनियाचा झणका मारतो. मोजत कुणीच बसत नाही. मावशींची पद्धत अशी: एक लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढून मुठीत धरायची. धरवली नाही तर ढीग पन्नास-साठ अंशांवर आहे, उत्तम. नुसती कोमट लागली तर खालीवर करायचं. ओलाव्यासाठी मूठभर घेऊन पिळायचं: थेंब-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला घाला, कोरडं भुसभुशीत राहिलं तर पाणी शिंपडा. डिसेंबरातल्या थंड सकाळी ढीग उलटताना वाफ निघते ती बघायला सोसायटीतली पोरं दप्तरासकट थांबायची.

दुसऱ्या महिन्यात अळ्या झाल्या. जाड, तपकिरी, वळवळणाऱ्या. ग्रुपवर फोटो, खाली 'हेच बाकी होतं'. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. कचरा झपाट्याने खातात, त्यांची माशी घरात अन्नावर येऊन बसत नाही, रोग पसरवत नाही. कीटकनाशक मारायचं नाही, सगळी टाकी बिघडते. फारच झाल्या तर वर पाल्याचा जाड थर द्यायचा.

पहिलं खत जानेवारी २०२४ मध्ये चाळलं. काळं, पावसानंतरच्या मातीसारखा वास. काकू स्वतः येऊन हुंगून गेल्या. आता महिन्याला दीड-दोनशे किलो निघतं. घरटी थोडं थोडं वाटतो, उरलेलं रस्त्यापलीकडची नर्सरी दहा रुपये किलोने घेते.

पावसाळा मात्र जड गेला. जुलै २०२४ मध्ये साठवलेला पाला संपला आणि टाक्यांतून पाणी सुटू लागलं. काकूंच्या खिडकीपर्यंत वास पोचला. वखारीतून लाकडाचा भुसा आणून घातल्यावर चार-पाच दिवसांत आवरला. भुसा घ्यायचा तर लाकडाच्या वखारीतूनच, फर्निचरवाल्याकडून नको. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात. आणि पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडं ओकीबोकी होतात तेव्हाच पोत्यांत भरून ठेवा. पूर्वी तो उचलून न्यायला आम्ही टेम्पोला पैसे देत होतो, आता शेजारच्या सोसायटीचाही मागून आणतो. आंब्याच्या कोयी आणि शहाळी टाकीत घालत नाही. गणपतीतलं निर्माल्य चालतं, फक्त हारातला दोरा आणि जरी काढून.

राहता राहिली सवलत. आवारात गांडूळखत, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक चालू असेल तर पुण्यात मिळकतकरातल्या सर्वसाधारण करावर पाच टक्के सूट मिळते, दोन किंवा जास्त असतील तर दहा. आम्ही एकासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला. सोबत ठरावाची प्रत, टाक्यांचे फोटो आणि फ्लॅटवार मिळकत क्रमांकांची यादी. ही यादी करणं टाक्या बांधण्यापेक्षा कठीण गेलं, लोकांना स्वतःचा मिळकत क्रमांक सापडत नाही. नंतर लोकसभेची आचारसंहिता लागली, माणसं निवडणुकीच्या कामावर गेली. १३ मेला पुण्याचं मतदान झालं आणि पाहणी जूनमध्ये झाली. पाहणीच्या दिवशी टाकी चालू दिसायला हवी, खताचं पोतं दाखवून भागत नाही. आमच्या निरीक्षकांनी सळई मागितली आणि स्वतः ढिगात खुपसून पाहिली.

एप्रिल २०२५ च्या बिलात सूट लागली. फ्लॅटमागे रक्कम काही शेकड्यांत आहे, तिच्यावर खर्च भरून निघेल असं गणित मांडू नका. थकबाकी असलेल्या दोघांना सूट मिळाली नाही. आणखी तिघांच्या बिलावर अजून आधीच्या मालकांचं नाव आहे, त्यांचं नाव हस्तांतर आधी करायचंय. त्यासाठी खरेदीखताची प्रत आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल असं सांगितलंय. ना-हरकत पत्रं मी मागच्या आठवड्यात सही करून दिली, खरेदीखतं बँकेच्या ताब्यात असल्यामुळे प्रती मिळायला वेळ लागणार आहे.